ग्रीक पद्धतीचे लिंबू-बटाटे: रसात शिजवून, रस आटवून भाजायची रीत

भाजलेले बटाटे म्हटलं की बाहेरून कुरकुरीत आणि आतून भुसभुशीत फोडी डोळ्यांसमोर येतात. ग्रीसमधले ‘पतातेस लेमोनातेस’ तसे नसतात. लिंबाचा रस, ऑलिव्ह तेल आणि पाणी यांच्या पातळ रसात ते आधी शिजतात. मग तोच रस आटत आटत त्यांच्या अंगात मुरतो आणि शेवटी मागे उरलेल्या तेलात फोडींच्या कडा खरपूस होतात. नीट जमलेल्या फोडीची टोकं तपकिरी आणि पाठ सोनेरी असते, पोटाला लिंबाचा दाट रस चिकटलेला असतो आणि आतला गर लोण्यासारखा मऊ. म्हणून कुरकुरीतपणाच्या मागे लागू नका. लक्ष ठेवायचं ते रसावर. तो किती घातला, कधी घातला आणि किती आटू दिला, यावर सगळं ठरतं. बहुतेक चुकाही तिथेच होतात.

साहित्य (पाच ते सहा जणांसाठी)

- बटाटे दीड किलो
- ऑलिव्ह तेल १२० मिली
- लिंबाचा रस १०० मिली (मोठी पिवळी लिंबं दोन ते तीन)
- गरम पाणी किंवा चिकनचा अथवा भाज्यांचा पातळ स्टॉक २५० मिली
- लसणाच्या मोठ्या पाकळ्या ६
- सुका ओरेगॅनो १ मोठा चमचा
- बारीक मीठ २ छोटे चमचे, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम (स्टॉक खारट असेल तर एकच)
- ताजी भरडलेली काळी मिरी अर्धा छोटा चमचा

१२० मिली तेल वाचून हात आखडतो, पण ते एकदम कमी करू नका. पाणी उडून गेल्यावर फोडी भाजायचं काम हेच तेल करतं, आणि आटलेल्या लिंबाच्या रसाला अंग येतं तेही तेलामुळेच. फार तर ९० मिलीपर्यंत खाली या. त्याहून कमी तेलात बटाटे शिजतील, पण सुके पडतील आणि तळाला धरतील.

बटाटा, लिंबू आणि ओरेगॅनो

ग्रीसमध्ये बटाटा तसा उशिरा रुजला. देशाचे पहिले राज्यप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास १८२८ साली आले. बटाटा लोकांच्या गळी उतरवण्यासाठी त्यांनी नाफ्प्लिओ बंदरात बटाट्यांच्या ढिगाभोवती पहारा बसवला, मग काहीतरी मौल्यवान असणार असं समजून लोकांनी ते पळवले, अशी कथा तिथे सांगतात. आज नाक्सोस बेटाच्या आणि उत्तरेकडच्या कातो नेव्रोकोपीच्या बटाट्यांना युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. ग्रीसमध्ये ‘स्पुंता’ नावाचा लांबट, पिवळसर गराचा वाण फार चालतो. या पदार्थाला तसाच बटाटा हवा: फार पिठूळ नाही आणि फार चिकटही नाही. अगदी पिठूळ बटाटा तासाभरात कडेने विरघळून रसाचा लगदा करतो. पातळ सालीचा कोवळा नवा बटाटा रस पितच नाही. रस बाहेर वेगळा राहतो, बटाटा आतून कोरडा लागतो. फ्रिजमध्ये बरेच दिवस पडलेले बटाटेही टाळा. थंडीत त्यांच्या स्टार्चची साखर होते, मग ते आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतात.

लिंबू मोठं, पिवळं, जाड सालीचं घ्या. एका मोठ्या लिंबातून साधारण ४० ते ५० मिली रस निघतो. लहान, गोल, पातळ सालीची लिंबंच मिळत असतील तर चालतात, पण त्यांचा वास वेगळा असतो आणि आंबटपणा बोचरा. अशा वेळी रस ७५ ते ८० मिलीच घ्या आणि कमी पडलेलं पाण्याने भरून काढा. रस गाळून घ्यायलाच हवा. एक बी जरी दीड तास ओव्हनमध्ये राहिली तरी कडवटपणा उतरतो. बाटलीबंद रस वापरू नका. या पदार्थात लिंबाचा वास लपवायला दुसरं काहीच नाही.

ओरेगॅनो सुकाच घ्या. ग्रीक लोक याला ‘रीगनी’ म्हणतात, आणि तो तिथे देठांसकट वाळवलेल्या जुड्यांतही मिळतो. भांड्यावर हात धरून तो दोन्ही तळव्यांत चोळायचा. पानं चुरली की त्यातलं तेल मोकळं होतं आणि वास एकदम उसळतो. चोळूनही वास आला नाही, तर तो ओरेगॅनो जुना झाला आहे. अशा वेळी प्रमाण वाढवण्यापेक्षा नवा आणावा. जुना जास्त घातला की वासाऐवजी गवताची चव येते.

भांडं

साधारण ३० × ४० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर खोल ट्रे या प्रमाणाला बरोबर बसतो. ग्रीक घरांत त्याला ‘ताप्सी’ म्हणतात. फोडी एकाच थरात बसल्या पाहिजेत, पण हात पसरून बसल्यासारख्या नकोत. एकावर एक चढल्या तर वाफेत नुसत्या उकडतात. फार मोठ्या ट्रेमध्ये रस पातळ पसरतो आणि अर्ध्या तासात उडून जातो. ओव्हन लहान असेल तर सगळं प्रमाण निम्मं करा, पण पाणी निम्म्याहून थोडं जास्त, १५० मिली ठेवा. स्टील, इनॅमल, काच किंवा चिनी मातीचा ट्रे चालतो. उघड्या ॲल्युमिनियमचा मात्र नको. लिंबाचं आम्ल त्या धातूवर चढतं आणि रसाला धातूची चव येते.

कृती

ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर तापत ठेवा. बटाटे धुऊन सोला आणि लांबीच्या दिशेने चार, मोठे असतील तर सहा फोडी करा. फोडीची जाड बाजू अडीच ते तीन सेंटिमीटरची असावी आणि सगळ्या फोडी शक्य तितक्या सारख्या असाव्यात. बारीक चौकोनी तुकडे करू नका, ते शेवटच्या पंधरा मिनिटांत मोडतात. चिरल्यावर फोडी पाण्यात भिजत ठेवू नका. कुरकुरीत बटाट्यांसाठी स्टार्च धुऊन काढतात, इथे मात्र तो हवा. तोच रसात उतरतो आणि रसाला दाटपणा देतो.

फोडी ट्रेमध्येच घ्या. त्यावर तेल, मीठ, मिरी आणि चोळलेला ओरेगॅनो घालून हाताने नीट माखा. लसूण बारीक चिरू नका. पाकळ्या सुरीच्या पात्याने नुसत्या ठेचा आणि फोडींच्या खाली, रसात बुडतील अशा सारा. वर राहिलेला लसूण करपतो आणि मग सगळ्या ट्रेला कडू वास लागतो.

आता निम्माच लिंबाचा रस, म्हणजे ५० मिली, गरम पाण्यात मिसळा आणि हे पाणी ट्रेच्या कडेने ओता. फोडींवरून ओतलं तर माखलेलं मीठ आणि ओरेगॅनो धुऊन जातं. रस फोडींच्या साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत आला पाहिजे.

लिंबू दोन हप्त्यांत घालण्याला कारण आहे. भाजी मऊ पडते ती तिच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने सुटं झाल्यामुळे. आम्लात हे पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणून सगळं लिंबू सुरुवातीलाच पडलं, तर बटाटा तासभर भाजूनही मधोमध करकरीत राहू शकतो. ग्रीसमध्ये अनेक घरी सगळा रस एकदमच घालतात आणि तेही जमतं, पण त्यांच्या हाताला ओव्हनची सवय असते आणि वेळही ते वाढवून देतात. पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा-अर्धाच करावा. नंतर पडलेल्या लिंबाचा ताजेपणाही टिकतो.

ट्रेवर आधी बेकिंग पेपर आणि त्यावर फॉइल घट्ट लावा. कागद मध्ये असला की आंबट रस फॉइलला लागत नाही. ट्रे मधल्या कप्प्यात ४० मिनिटं ठेवा.

फॉइल काढताना तोंड दूर धरा, आतली वाफ जोरात बाहेर येते. सुरी टोचून बघा. ती आत जायला हवी, मधे किंचित अडली तरी हरकत नाही. पण कच्च्या बटाट्यासारखी अडत असेल तर पुन्हा झाकून १० मिनिटं द्या. एकदा झाकण निघालं की रस आटायला लागतो आणि कच्चा बटाटा शिजायला पाणी उरत नाही. आता उरलेला ५० मिली लिंबाचा रस वरून घाला, सपाट उलथन्याने एकेक फोड उलटा आणि ट्रे उघडाच ३० ते ३५ मिनिटं ठेवा. मधे एकदा ट्रेमधलाच रस चमच्याने फोडींवर सोडा. सारखं हलवत बसू नका. मऊ झालेल्या फोडींच्या कडा हलवल्याने तुटतात आणि ज्या बाजूला रंग चढायला लागलेला असतो ती पुन्हा रसात जाते.

या टप्प्यात ओव्हनजवळ कान द्या. सुरुवातीला मोठे, पाणीदार बुडबुडे येतात आणि खदखद ऐकू येते. पाणी संपत आलं की बुडबुडे बारीक आणि दाट होतात, आवाज चुरचुर असा तेलाचा यायला लागतो, आणि ट्रेच्या कोपऱ्यांत तपकिरी रेघ धरते. पाणी असेपर्यंत फोडीचा रसातला भाग १०० अंशांच्या वर जातच नाही, त्यामुळे तिथे रंग येणं शक्य नसतं. आवाज बदलला की खरं भाजणं सुरू झालं. आता आच २२० अंशांवर न्या, ट्रे वरच्या कप्प्यात सरकवा आणि १० ते १५ मिनिटं द्या. ही मिनिटं मात्र ओव्हनसमोरच उभं राहा. टोकं तपकिरी झाली आणि तळाशी दोन-तीन मोठे चमचे दाट, पिवळसर रस उरला की ट्रे बाहेर काढा. पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबू नका.

बाहेर काढल्यावर १० मिनिटं तसंच राहू द्या. गरम फोडी उरलेला रस ओढून घेतात आणि तळाला चिकटलेल्या फोडी आपोआप सुटतात.

बिघडलं तर

रस संपला आणि बटाटा अजून कच्चा आहे, तर ६० ते ७० मिली पाणी कडेने घाला आणि पुन्हा झाका. पाणी गरमच हवं. तापलेल्या काचेच्या ट्रेमध्ये गार पाणी पडलं तर काच तडकते. उलट बटाटे मऊ झाले पण रस अजून तरंगतोय, तर भाजत राहू नका, फोडी फुटतील. जास्तीचा रस पळीने छोट्या कढईत काढा, गॅसवर निम्मा होईपर्यंत आटवा, तोवर फोडींना ओव्हनमध्ये रंग येऊ द्या आणि शेवटी रस वरून परत घाला.

पदार्थ कडू झाला तर लिंबाच्या सालीचा पांढरा भाग, बिया किंवा करपलेला लसूण, या तिघांपैकी एक दोषी असतो. पिळलेली लिंबाची सालं ट्रेमध्ये टाकायची काहींना हौस असते. टाकायचीच तर शेवटच्या १५ मिनिटांसाठी, पहिल्यापासून नाही. आंबटपणा जास्त वाटला तर साखर घालू नका, आधी मीठ चाखा. मीठ कमी असलं की लिंबू उगाच टोकदार लागतं. चव फिकी वाटली, तर वाढताना ताज्या लिंबाचे चार थेंब पुरतात.

रस आणि तेल वेगवेगळे दिसत असतील, तर पुढच्या वेळी लिंबाच्या पहिल्या हप्त्यात मोहरीची तयार पेस्ट एक छोटा चमचा फेटून घाला. अनेक ग्रीक घरांत ती घालतात. दाटपणा चांगला येतो, पण लिंबाची स्वच्छ चव थोडी झाकते, म्हणून पहिल्यांदा तिच्याशिवायच करून बघा.

चिकनबरोबर एकाच ट्रेमध्ये

रविवारच्या जेवणात ग्रीसमध्ये हे बटाटे बहुतेकदा कोंबडी किंवा कोकराच्या मांसाबरोबरच भाजले जातात. सालीसकट, हाडासकट तंगडीचे सव्वा किलो तुकडे घ्या, त्यांना वेगळं मीठ आणि ओरेगॅनो लावा आणि फॉइल काढल्यावर, साल वर ठेवून, बटाट्यांवर मांडा. चरबी सुटते, म्हणून तेल ८० मिलीच घ्या. उघड्यावर ४५ ते ५० मिनिटं लागतात. हाडाजवळ सगळ्यात जाड जागी तापमान किमान ७४ अंश सेल्सिअस हवं. तुकडे बाहेर काढल्यावर बटाट्यांना आणखी १० मिनिटं द्या, कारण मांसाखाली राहिलेल्या फोडी फिक्या असतात.

वाढताना बाजूला फेता चीज, दह्या-काकडीचं त्झात्झीकी आणि टोमॅटो-काकडीची कोशिंबीर एवढं पुरे. पाव मात्र हवाच. ट्रेमधल्या रसात पाव बुडवून खाण्याला ग्रीकमध्ये ‘पापारा’ असा खास शब्द आहे.

उरलेले बटाटे फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात. परत गरम करताना एक-दोन चमचे पाणी शिंपडून १८० अंशांवर १५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये कडा नरम पडतात. हे बटाटे फ्रीझरमध्ये ठेवू नका, सुटल्यावर फोडी पाणचट आणि दाणेदार होतात.