जिम्नीची पुढची लिफ्ट: स्प्रिंग बदलले म्हणजे निम्मंच काम झालं

लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा संच) घातल्याने मारुतीच्या फोर-व्हील ड्राइव्ह जिम्नीच्या डिफखालची (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखालची) जागा एक मिलिमीटरही वाढत नाही. पुढचा ॲक्सल अखंड आहे आणि तो थेट चाकांवर बसलेला आहे. वर जाते ती फक्त चेसिस आणि बॉडी. डिफ उचलायला टायरच मोठा लागतो. कंपनीच्या १९५/८० आर१५ टायरचा व्यास ६९३ मिमी आहे. २१५/७५ आर१५ घातला तर तो साधारण ७०३ होतो, म्हणजे डिफ जेमतेम ५ मिमी वर जातो. २३५/७५ आर१५ घातला तर २० मिमी मिळतात, पण स्पीडोमीटर सुमारे ६ टक्के कमी दाखवायला लागतो. लिफ्टचा उपयोग वेगळा आहे: हा मोठा टायर मडगार्डला न घासता बसतो, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडीचं पोट टेकत नाही. २०२३ पासून आपल्याकडे विकली जाणारी पाच दारांची जिम्नी लांब आहे, चाकांमधलं अंतर २५९० मिमी, त्यामुळे पोट टेकण्याचा त्रास तिला जास्त.

४० ते ५० मिमी पुरे. त्याच्या वर गेलात की ब्रेकचे होस, प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलला ताकद पोचवणारी फिरती दांडी), स्टिअरिंग असं एकेक मागे लागतं आणि खर्च थांबत नाही. स्प्रिंग घेताना उंचीआधी वजन सांगा. पुढे लोखंडी बंपर आणि विंच असेल तर जड रेटचे, म्हणजे जास्त कडक, स्प्रिंग हवेत. काहीच लावलेलं नसताना ते घातले तर ५० ऐवजी ७० मिमी उचल मिळेल आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला पुढचा भाग टणकन उडेल. फक्त पुढचे स्प्रिंग बदलले तर नाक वर होतं. ५० मिमीला सुमारे १.१ अंश, म्हणजे हेडलाइटचा झोत २५ मीटरवर अर्धा मीटर वर, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. मागचेही त्याच वेळी बदला, आणि काहीही केलं तरी शेवटी हेडलाइटच्या झोताची उंची लावून घ्या.

कायद्याचंही आधीच बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि विमा कंपनी दावा नाकारायला असंच कारण शोधत असते. आरटीओ आणि विमा या दोन्ही ठिकाणी विचारूनच किट मागवा.

पाना हातात घेण्याआधी मापं घ्या. गाडी सपाट फरशीवर, हवा सारखी, आत कोणी नाही. चारही चाकांचं हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहा. पुढच्या दोन्ही मडगार्डवरून ओळंबा सोडून टायर किती आत आहे ते मोजा. मग डिजिटल अँगल गेज पुढच्या डिफच्या पिनियन फ्लँजवर (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या चकतीवर) उभा चिकटवा आणि आकडा लिहून ठेवा. ॲक्सल अखंड असल्यामुळे पिनियन जितके अंश फिरते तितकाच कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) बदलतो. गॅरेजमध्ये हा आकडा क्वचितच कोणी घेतं, आणि पुढे ‘गाडी रस्ता धरत नाही’ म्हणून महिनाभर अलाइनमेंटच्या चकरा होतात.

आता खोलायला घ्या. नटबोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातल्या गाडीला तर दोन रात्री. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचा भाग उचलून चेसिसखाली घोड्या (जॅक स्टँड) द्या, आणि ॲक्सलखाली वेगळा ट्रॉली जॅक ठेवा. चाकं काढा. ब्रेक होस आणि एबीएसच्या वायरचे क्लॅम्प मोकळे करा. स्टॅबिलायझरच्या लिंक, शॉकअपचा खालचा बोल्ट आणि पॅनहार्ड रॉडचा (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या आडव्या दांडीचा) ॲक्सलकडचा बोल्ट सोडा. शॉकअपच्या वरच्या नटाबरोबर दांडीच फिरायला लागली तर तिचं टोक छोट्या पान्याने धरून नट सोडवा. जॅक हळूहळू खाली घ्या, एका नजरेने होसकडे बघत. ॲक्सल होसवर लटकला तर होस बाहेरून ठीक दिसतो, आतून फाटलेला असतो. बहुतेक वेळा स्प्रिंग हाताने निघतो, तो दाबायचा कॉम्प्रेसर लागत नाही.

नवा स्प्रिंग बसवण्याआधी शॉकअप एकटाच लावा आणि जॅकने ॲक्सल वर नेऊन बंप स्टॉपला (ॲक्सलला वर अडवणाऱ्या रबराला) टेकवा. त्या वेळी शॉकअपमध्ये निदान २५ ते ३० मिमी दबण्याची जागा उरली पाहिजे, कारण खऱ्या आपटीत रबर अजून दबतं. जागा उरत नसेल तर बंप स्टॉपखाली स्पेसर द्या, नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात शॉकअपचा व्हॉल्व्ह जातो. मग ॲक्सल पूर्ण खाली सोडा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. खाली जाणं शॉकअपने थांबलं पाहिजे. होस, एबीएसची वायर किंवा डिफच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी आधी ताणली जात असेल तर ब्रॅकेट खाली घ्या किंवा लांब होस लावा. ब्रीदर निसटला तर ओढ्यात डिफमध्ये पाणी जातं आणि ऑइलचा चहा होतो.

स्प्रिंग बसवताना त्याचं कापलेलं टोक खालच्या बशीत त्याला अडवणाऱ्या कडेला भिडवा. किटमध्ये दोन लांबीचे स्प्रिंग असतील तर पत्रक बघूनच डावा-उजवा ठरवा.

आता मुख्य काम. रेडियस आर्म मागे चेसिसला आणि पुढे ॲक्सलला धरलेला असतो. चेसिस वर गेली की आर्मचा कोन बदलतो, ॲक्सल पुढे कलंडतो, पिनियन वर बघते आणि कॅस्टर घटतो. किती, ते काढता येतं: लिफ्ट भागिले आर्मची लांबी, गुणिले ५७.३. चेसिसच्या बुशपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत ७०० मिमी भरलं तर ५० मिमीला ४ अंश. एवढा कॅस्टर गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि ८० च्या वेगाला गाडी डावी-उजवी हुंगत चालते.

त्यावर चांगला इलाज आर्मच्या ॲक्सलकडच्या टोकातले ऑफसेट बुश, म्हणजे ज्यांचं भोक मध्यापासून सरकवलेलं असतं ते; या टोकात ॲक्सलच्या पुढे एक आणि मागे एक बुश असतो. चेसिसकडचं टोक खाली घेणारे ब्रॅकेटही मिळतात, पण ते नेमके दगडावर आपटायच्या जागी लोंबतात. जिथे पोट वाचवायला लिफ्ट केली तिथेच ते लावण्यात अर्थ नाही. आर्म एका वेळी एकच काढा, म्हणजे ॲक्सल फिरणार नाही. जुने बुश हायड्रोलिक प्रेसवर काढा. हातोड्याने आर्मचा डोळा वाकतो. नवे बसवताना दिशा चुकली तर चार अंश परत मिळण्याऐवजी आणखी चार जातात. म्हणून आर्मवर खडूने खूण करा: पुढच्या बुशचं भोक वर सरकलेलं हवं, मागच्याचं खाली. किटमध्ये एकच ऑफसेट बुश असेल तरी नियम हाच. शेवटी पिनियनवर पुन्हा गेज लावा. मूळ आकड्याच्या एका अंशाच्या आत आलात की थांबा. जास्त कॅस्टरच्या नादात पिनियन खाली वळते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो.

पॅनहार्ड रॉडचंही तसंच. लिफ्टनंतर तो जास्त तिरपा होतो आणि ॲक्सलला रॉडच्या चेसिसकडच्या बाजूला ओढतो. ९०० मिमीच्या रॉडला ५० मिमीत ४ ते ६ मिमी. ॲडजस्टेबल रॉड घालून तो लांब करा, ओळंब्याची दोन्ही मापं सारखी येईपर्यंत. ब्रॅकेट लावून फक्त पॅनहार्ड खाली घेऊ नका. तो आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी) एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक उंचवट्याला स्टिअरिंग आपोआप हलेल. स्टिअरिंग तिरकं बसलं तर ड्रॅग लिंकची बाही फिरवून सरळ करा. स्टिअरिंग व्हील काढून दाते बदलून बसवणं हा आळशीपणा आहे. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर स्कॅनरवर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर घ्यावा लागतो.

बुशमधून जाणारा एकही बोल्ट गाडी हवेत असताना पक्का करू नका. नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, बंपरवर दाबून चार-पाच वेळा हलवा आणि मगच टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. लटकत्या स्थितीत आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी एका बाजूला बसते आणि सहा महिन्यांत बुश फाटतात.

६० ते ७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं की दोष लिफ्टला दिला जातो. बहुधा लिफ्टने आधीचाच दोष उघडा पडलेला असतो. आधी बॅलन्सिंग करा, मग पॅनहार्डचे बोल्ट, मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा: खेळ लागला तर दोष किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या खुंटीच्या) बेअरिंगचा. स्टिअरिंग डॅम्पर बदलून थरथर लपते, जात नाही.

प्रॉपेलर शाफ्टची परीक्षा साध्या रस्त्यावर होत नाही, कारण टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे हब मोकळे असतात आणि शाफ्ट फिरतच नाही. मऊ मातीच्या सरळ रस्त्यावर फोर-एच (फोर-व्हील ड्राइव्हचा वेगाचा गिअर) टाका आणि ४० पर्यंत न्या. पायाखाली घरघर जाणवली तर कॅस्टरचा एखादा अंश परत द्यावा लागेल. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क करा, ५०० नंतर आणखी एकदा. त्याच वेळी उंचीची मापंही परत घ्या; नवे स्प्रिंग थोडे बसतात.