विक्षिप्त पूर्वजांच्या गोष्टी: कशा ऐकाव्यात, कशा तपासाव्यात, कशा लिहाव्यात

बहुतेक घराण्यांत एखादा तरी तऱ्हेवाईक पूर्वज असतो. कुणी वर्षानुवर्षं सख्ख्या भावाशी अक्षर बोललेला नसतो, कुणी भर उन्हात जाड कोट घालून हिंडलेला असतो, कुणी घरातली सगळी घड्याळं बंद करून ठेवलेली असतात. अशा गोष्टी लिहून काढताना हमखास होणारी चूक म्हणजे चार नातेवाइकांकडून ऐकलेलं एकत्र करून त्याची एकच ‘चांगली’ गोष्ट रचणं. एकदा ते झालं, की कुठला तपशील कुणाकडून आला हे पुन्हा सापडत नाही आणि खरंखोटं तपासायला हाताशी काही उरत नाही. म्हणून या कामात शेवटपर्यंत एक पथ्य पाळायचं: प्रत्येक सांगणाऱ्याची गोष्ट वेगळी ठेवायची.

१. सुरुवात स्वतःपासून

कुणालाही विचारण्याआधी ती गोष्ट तुम्हाला जशी माहीत आहे तशी लिहून काढा. कुणाकडून ऐकली, तेव्हा तुमचं वय साधारण किती होतं, हेही लिहा. हा टप्पा लोक टाळतात आणि तिथेच फसतात. इतरांचं ऐकल्यावर आपली आठवण नकळत बदलते आणि मूळ कशी होती ते आपल्यालाही सांगता येत नाही.

२. कुणाला विचारायचं

सर्वांत वयस्कर माणसापासून सुरुवात करा, हे उघड आहे. पण खरा ऐवज पुष्कळदा भलतीकडे असतो. लग्न होऊन घरात आलेल्या सुना आणि जावई यांनी गोष्ट मोठेपणी, बाहेरून येऊन ऐकलेली असते. घरच्यांनी गाळलेला अवघड भाग त्यांना आठवतो. भांडून वेगळ्या झालेल्या शाखेकडे तीच गोष्ट उलट्या बाजूने सांगितली जाते. जुने शेजारी आणि घरी कामाला असलेल्या माणसांची मुलं यांनाही विसरू नका.

प्रत्येकाला आधी एकट्याने भेटा. सगळे एकत्र बसले की मोठ्या आवाजाचा माणूस गोष्ट ठरवतो आणि बाकीचे ‘हो, असंच झालं’ म्हणतात. एकाचं बोलणं ऐकून दुसऱ्याच्या आठवणीत नवा तपशील शिरतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. एकत्र बैठक जरूर घ्या, पण सर्वांत शेवटी.

३. ध्वनिमुद्रण

मोबाइल पुरतो. विमान मोड चालू करा, पंखा आणि टिकटिकणारं घड्याळ बंद करा, फोन घडी घातलेल्या कापडावर बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. उघड्या टेबलावर ठेवलात तर बोटांचा प्रत्येक ठोका शब्दांवर आदळतो. अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन ती ऐकून पाहा. शक्य असेल तर ‘वेव्ह’ (WAV, आवाज न दाबता साठवणारी) प्रकारची फाइल निवडा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनेलचं मुद्रण तासाला साधारण अर्धा जीबी जागा घेतं. सुरुवातीला तारीख, जागा, हजर असलेल्यांची नावं आणि मुद्रणाची परवानगी आवाजातच घ्या.

एका वेळी तास-दीड तास पुरे. वयस्कर माणूस दमला की सविस्तर सांगणं सोडून ठरलेली वाक्यं म्हणू लागतो.

४. प्रश्न कसे विचारायचे

‘पणजोबा चक्रम होते ना?’ असं विचारलंत की उत्तर तुम्हीच दिलंत. ‘पणजोबांबद्दल काय ऐकलंय?’ इथून सुरू करा आणि गोष्ट मध्ये न तोडता पुरी होऊ द्या. सांगणारा थांबला की मनात दहापर्यंत मोजा. पुष्कळदा सर्वांत मोलाचं वाक्य त्या शांततेनंतर येतं. मग मागे जा: हे कुणी सांगितलं? त्यांनी स्वतः पाहिलं होतं का? ते कुठे बसून सांगायचे? घर कसं होतं, दार कुठल्या बाजूला होतं? जागेबद्दलच्या प्रश्नांनी आठवण जागी होते, तारखांबद्दलच्या प्रश्नांनी ती आखडते. जुना फोटो किंवा त्या माणसाची एखादी वस्तू हातात दिलीत तर आणखी चांगलं.

त्या पूर्वजाच्या तोंडी असलेलं वाक्य सांगितलं गेलं, तर ते जसंच्या तसं, त्याच बोलीत टिपा. सोपं करू नका.

५. प्रत्येक कथनाला एक कागद

घरी आल्यावर त्याच दिवशी एक पान भरा: सांगणारा, त्याने कुणाकडून ऐकलं, त्या माणसाने कुणाकडून ऐकलं (ही साखळी प्रत्यक्ष पाहणाऱ्यापर्यंत पोचते की मध्येच तुटते), कथनाची तारीख, गोष्ट, त्यातली नावं, वस्तू, आकडे आणि सांगणाऱ्याचा सूर. कौतुकाने सांगितलं की तक्रारीने, हा शेवटचा रकाना पुढे फार उपयोगी पडतो. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. तासाभराचं मुद्रण शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर दर पाच मिनिटांना काय आलं त्याची टीप तरी ठेवा.

६. तपासणी

इथे घाई करू नका. गोष्टी बदलतात, पण कशाही बदलत नाहीत. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक परकी लोककथा लोकांना पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावली होती आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाऊही दिली होती. ती आखूड होत गेली, अनोळखी तपशील गळले किंवा ओळखीचे झाले. कथेतल्या लोकांची खास होडी पुढे साधी नाव झाली. तुमच्या घरातही हेच घडलेलं असतं. म्हणून जो तपशील विचित्र आहे, गोष्टीला गरजेचा नाही आणि तरीही वेगवेगळ्या शाखांत टिकून आहे, त्याला जास्त वजन द्या. उलट अगदी चपखल बसणारा शेवट संशयाने पाहा.

वयांचा हिशोब मांडा. जन्मसाल आणि घटनेचं साल शेजारी लिहिलं की पुष्कळ गोष्टी लगेच उघड्या पडतात: पराक्रमाच्या वेळी नायक तीन वर्षांचा निघतो. तेवढ्यावरून गोष्ट फेकू नका. बहुधा ती त्याच नावाच्या आजोबाची किंवा काकाची असते. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या घराण्यांत दोन माणसं मिळून एक होतात, मधली अख्खी पिढी गायब होते, आणि कमी प्रसिद्ध भावाचं कर्तृत्व प्रसिद्ध भावाच्या खात्यावर जमा होतं.

वस्तूंचं वय पाहा. छायाचित्रणाची घोषणा १८३९ ची, टेलिफोनचं पेटंट १८७६ चं, साखळीवर चालणारी सारख्या चाकांची सायकल १८८५ च्या सुमाराची. १८६० च्या गोष्टीत खापरपणजोबा अशा सायकलवरून पळत असतील तर एक तर साल चुकलंय, नाही तर सांगणाऱ्याने जुन्या वाहनाच्या जागी ओळखीचं वाहन बसवलंय. दुसरी शक्यता जास्त.

आकाशातल्या खुणा उपयोगी, पण फसव्या. ‘हॅलेचा धूमकेतू दिसला त्या वर्षी’ म्हणजे १९१०, हे ठीक. पण त्याच वर्षी जानेवारीत हॅलेपेक्षाही तेजस्वी असा दुसरा धूमकेतू दिसला होता, आणि पुढे अनेकांनी त्यालाच हॅले म्हणून आठवलं. महिना ठरवायचा असेल तर थंडी होती की नाही, हे विचारा. ७, १२, ४०, १०० असे गोष्टींत नेहमी येणारे आकडे मोजलेले असतातच असं नाही. त्यांच्याऐवजी ‘बराच काळ’ असं वाचा.

फिरत्या कथा ओळखा. पूर्वजाचं नाव बदलून तीच गोष्ट कुणाच्याही पणजोबांना लागू होत असेल, तर ती बाहेरून आलेली असू शकते. मेलेली समजून पुरलेली बाई, अंगठी चोरायला चोराने बोट कापताच उठून बसते: ही गोष्ट युरोपातल्या कितीतरी घराण्यांत ‘आमच्या पूर्वजांची’ म्हणून सांगितली जाते. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे जहाजाने येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी होत असे, कारकुनाने आडनाव बदललं, ही कथा तर असंख्य अमेरिकी घरांत आहे. प्रत्यक्षात तिथले निरीक्षक जहाजाबरोबर आलेल्या याद्यांवरून नावं तपासत असत. लोककथांच्या प्रकारांची एक आंतरराष्ट्रीय सूची आहे: लोककथांचे अभ्यासक आर्ने यांनी १९१० मध्ये सुरू केलेली, थॉम्पसन यांनी वाढवलेली, उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडलेली. शंका आली तर त्यात शोधा. आणि कथा उसनी निघाली तरी तिचा कागद ठेवा. घराण्याने नेमक्या याच माणसाला ती का चिकटवली, हा प्रश्न उरतोच.

शेवटी कागदपत्रं: जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे आणि कोर्टाचे दस्त, शाळेची हजेरीपुस्तकं, पत्रं, जुनी वर्तमानपत्रं. नोंद सापडली नाही म्हणजे घटना घडली नाही, असं होत नाही.

७. ‘विक्षिप्त’ कुणी म्हटलं?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. हाका मारल्या तरी न वळणारा माणूस बहिरा असू शकतो. दोरीचे तुकडे आणि रिकामे डबे साठवणारीने लहानपणी टंचाई पाहिलेली असू शकते. घराबाहेर न पडणारा कुणाच्या मृत्यूनंतर तसा झाला का, तारखा जुळवून पाहा. मात्र रोगाचं नाव देऊ नका, शंभर वर्षांनंतर निदान होत नाही. वारसाहक्काच्या भांडणात ‘डोक्यावर परिणाम झालाय’ ही शिक्का मारण्याची सोय होती. एकटं राहू पाहणाऱ्या, लग्नाला नकार देणाऱ्या बायकांवर तो सहज मारला गेला. त्या शिक्क्याचा फायदा कुणाला झाला, हे कागदावर नोंदवा.

८. लिहिणं

एक गोष्ट, तीनशे ते पाचशे शब्द. सांगितलेलं, सापडलेलं आणि तुमचा अंदाज, हे तीन भाग नजरेला वेगळे दिसू द्या. कथनं जुळत नसतील तर दोन्ही द्या: ‘थोरल्या शाखेत असं सांगतात, धाकट्या शाखेत तसं.’ न जुळणं हीसुद्धा माहिती आहे. संवाद कल्पनेने रचू नका. जिवंत माणसांना दुखावेल किंवा त्यांच्या जन्म-लग्नाबद्दलचं गुपित फोडेल असा मजकूर बंद पाकिटात, केव्हा उघडायचं ते लिहून ठेवा. मसुदा सांगणाऱ्याला वाचून दाखवा. त्याने सुचवलेला बदल जुन्या मजकुरावर न लिहिता तारीख घालून खाली जोडा.

९. जपणं

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या घरी. फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आम्लरहित कागदावर एक छापील प्रत ठेवाच, कारण ती वाचायला कुठलंही यंत्र लागत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक फाइल उघडून पाहा, आणि वर्षभरात कुणी नवं काही सांगितलं असेल तर त्याचा वेगळा कागद त्याच दिवशी गठ्ठ्यात घाला.