‘काका, एचएस कोड सांगा ना’: खेळणी मागवताना या चुका टाळा

रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. प्लास्टिकची एक रंगीत वस्तू, मागे चादरीची नक्षी आणि खाली एक ओळ: ‘काका, याचा एचएस कोड सांगा ना, उद्या ऑर्डर टाकायचीय.’ एचएस कोड म्हणजे सीमाशुल्कासाठी वस्तूला लावायचा वर्गीकरणाचा नंबर. पण वस्तू केवढी, सेल लागतो का, दाबल्यावर काय होतं, खोक्यावर काय छापलंय, याचा पत्ता नाही. सांगलीत बसून आयातीची कागदपत्रं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. यंत्रं आली, सुटे भाग आले, काय काय आलं. पण खेळणी आणि ‘नॉव्हेल्टी’ या पसाऱ्याइतका ताप कशानेच दिला नाही. चुका तरी नव्या कराव्यात! त्याही त्याच त्या.

सगळ्यात महाग चूक म्हणजे सप्लायरने इन्व्हॉइसवर टाकलेला कोड जसाच्या तसा उचलणं. कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे ज्याच्या त्याच्या देशाचे. आपल्याकडे आठ आकडे लागतात. पण खरी गोम पहिल्या सहातच असते. सप्लायर त्याच्या सोयीचा कोड टाकतो. इथे माल अडकला तर जाब तुम्हाला विचारणार, त्याला नाही. २०११ पासून कस्टम्समध्ये सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोड आणि ड्युटी आयातदारानेच ठरवून लिहायची. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या अर्जात, जे लिहिलं ते तुम्ही लिहिलं, सप्लायरने नव्हे.

हरभट रोडवरचा एक पोरगा माझ्याकडे आला तेव्हा माल न्हावा शेव्याला उतरून बारा दिवस झाले होते. पहिलीच आयात. इन्व्हॉइसवर ‘प्लास्टिक नॉव्हेल्टी आयटम’ आणि कोड ३९२६, म्हणजे प्लास्टिकच्या इतर वस्तू. बिल ऑफ एंट्री त्याने तशीच भरून टाकलेली. अधिकाऱ्यांनी कार्टन उघडले तर वर कीचेन आणि खाली मागे ओढून सोडली की पळणाऱ्या गाड्या. पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटावर ठळक अक्षरात वय तीन वर्षांपुढे. समोर बसून पोरगं मला सांगतंय, “काका, प्लास्टिकच आहे की सगळं!”

अरे, आहे ना प्लास्टिक. पण टॅरिफमध्ये, म्हणजे कोड आणि दरांच्या सरकारी यादीत, ३९व्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच टीप आहे की ९५व्या प्रकरणातल्या वस्तू इथे येत नाहीत. खेळण्यांचं हेडिंग, म्हणजे पहिले चार आकडे, ९५०३. टीपा न वाचता हेडिंग शोधणं म्हणजे गट नंबर न बघता सात-बारा काढायला जाणं.

ड्युटीचा हिशेब त्याने ३९२६ च्या दराने केला होता. खेळण्यांवरची मूळ सीमाशुल्क आकारणी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. हा फरक ऐकूनच त्याचा चेहरा उतरला. पण भिंत पुढेच होती. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र आणि आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि परदेशी मालासाठी ते लायसन्स तिथल्या कारखान्याच्या नावावर लागतं. माल बंदरात आल्यावर ते इथे बसून मिळवता येत नाही. ड्युटी भरायला तो तयार होता, पण पैशाने सुटणारी ती गोष्टच नव्हती. कीचेन दंड भरून सुटल्या, गाड्या त्याच्याच खर्चाने परत गेल्या, आणि तोवर कंटेनरचं भाडं आणि डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, रोज चढत होतं. त्या दिवाळीत त्याच्या दुकानात जो माल होता तो मुंबईहून उधारीवर आणलेला.

याचीच धाकटी बहीण म्हणजे मुंबईच्या होलसेल बिलावरचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी लिहिलेला वस्तूचा कोड, बघून कोड ठरवणं. ते बिल जीएसटीचं. होलसेलवाल्याने कोड कुठून उचललाय ते त्यालाही माहीत नसतं.

दुसरी चूक जरा हुशार लोक करतात. यांना वाटतं, हेडिंग बदललं की बीआयएस आपोआप गळून पडतं. माझ्या टेबलावर गाडीच्या आकाराचं एक शार्पनर कायम ठेवलेलं असतं, अशा मंडळींसाठीच. लाल गाडी, चाकं खरंच फिरतात. उलटी केली की बुडाला पेन्सिलीचं भोक, आत धातूचं पातं, दोन बारके स्क्रू आणि साल साठवायचा कप्पा. पातं पेन्सिल नीट तासतं. चाकं मात्र दोनदा फिरवली की कंटाळा येतो. माझ्या मते वस्तूचा जीव पात्यात आहे, म्हणून ती ८२१४ मध्ये, पेन्सिल शार्पनर. तसंच आइस्क्रीमच्या आकाराचं खोडरबर रबराचंच असेल आणि खरंच खोडत असेल तर ते ४०१६. इथपर्यंत ठीक. पण बीआयएस सक्तीचं करणाऱ्या खेळण्यांच्या गुणवत्ता आदेशातली व्याख्या टॅरिफवर बेतलेलीच नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली वस्तू, मग ती फक्त खेळण्यासाठी असो वा नसो, तिच्यात मोडू शकते. कोड शार्पनरचा लागला तरी ‘हे खेळणंही आहे का?’ हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. त्याचं उत्तर माल निघण्याआधी शोधा.

शार्पनरशेजारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हरही असतो. सॅम्पल आलं की मी ते उघडतो. मोटर आहे का, सर्किट आहे का, कुठला भाग काढला तर वस्तू निरुपयोगी होते. मग टॅरिफ बाजूला ठेवून साध्या मराठीत चार ओळी लिहितो: ही काय आहे, कशाची आहे, कोण वापरणार, कशासाठी. कोड त्यानंतर. दर तर सगळ्यात शेवटी. आधी दर बघून मग कोडकडे जाणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फी सांगतो.

गणपतीच्या आधी दोन महिने तिसरी चूक हमखास येते: एलईडीच्या माळा ‘सणाच्या वस्तू’ म्हणून ९५०५ मध्ये टाकणं. सण आपला, माळ सणाची, मग अडचण काय? अडचण ही की ९५व्या प्रकरणाच्या टीपेत विजेच्या माळा स्पष्टपणे बाहेर काढल्यात. त्या ९४०५. बिनविजेची झुरमुळं, पार्टीचे मुखवटे, जादूचे खेळ, कुणाच्या तरी खुर्चीवर ठेवून फजिती करायच्या वस्तू, हे ९५०५.

खेळण्यातली वाद्यं हा मिरजकरांचा लाडका घोळ. सहा इंची गिटार, तारा नायलॉनच्या, खुंट्या फिरतात पण सूर बदलत नाही: ९५०३. छोटं असलं तरी सुरात लागणारं युकुलेले: ९२०२. शंका आली तर सतारमेकर गल्लीत नेऊन दाखवा. तार छेडून ते क्षणात सांगतील, वाद्य आहे की खेळणं.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या. बाहुल्यांना ९५०२ लावू नका. २००७ पासून ते हेडिंगच उरलं नाही, तरी जुन्या याद्या अजून फिरतात. मुलांची तीनचाकी ९५०३, पण दोनचाकी सायकल लहान असली तरी ८७१२. मुलांची खेळायची माती ३४०७. रंगवायची पुस्तकं ४९०३. पत्ते आणि सापशिडी ९५०४, जिगसॉ ९५०३. कुत्र्यासाठीच बनवलेलं चावायचं हाड खेळणं नाही, ते ज्या पदार्थाचं असेल त्यात जातं.

घोळ झालाच, तर? माल अजून सुटला नसेल आणि आत नेमकं काय आहे याचीच खात्री नसेल, तर कस्टम्सचं काम बघणाऱ्या ब्रोकरला ‘फर्स्ट चेक’ मागायला सांगा, म्हणजे आधी तपासणी, मग आकारणी. एक-दोन दिवस जातील. जाऊ द्या. माल सुटल्यावर चूक लक्षात आली आणि ती खरोखरच चूक असेल, लपवाछपवी नसेल, तर नोटीस यायच्या आत फरक व्याजासकट भरा. नोटिशीची साधी मुदत दोन वर्षांची, लपवल्याचं दिसलं तर पाच. ‘बघू, आली तर भरू’ म्हणणारे कृष्णेच्या पाण्यालाही तसंच म्हणतात.

आणि एकच वस्तू वर्षानुवर्षं मागवणार असाल तर अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे कोड कोणता याचा आधीच मिळणारा अधिकृत निर्णय, घ्या. मुंबईत प्राधिकरण आहे, फी दहा हजार, निर्णय काही वर्षं चालतो. हे सुचवलं की हमखास उत्तर येतं, “एवढा वेळ कुठाय काका?” हरभट रोडचा पोरगा आता ते म्हणत नाही. ऑर्डरच्या आधी एकेक नग कुरिअरने मागवतो, पिशवी माझ्या टेबलावर उपडी करतो आणि स्क्रू ड्रायव्हर स्वतःच उचलतो.