जोडीदार सही देत नसेल, तर घटस्फोटाच्या अर्जापूर्वीची तयारी

वेगळे होण्याच्या करारावर जोडीदार सही करीत नाही, एवढ्याने घटस्फोट अडत नाही. दोघांच्या सह्या लागतात त्या हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम १३-ब खालच्या परस्परसंमतीच्या अर्जाला, आणि तेथेही हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत संमती मागे घेता येते. त्यामुळे सहीसाठी पै-पाहुण्यांच्या बैठकांमागे वर्षे घालवण्यापेक्षा कलम १३ खालच्या, एकट्याने करता येणाऱ्या अर्जाची तयारी करावी. (जैन, लिंगायत आणि बौद्ध यांनाही हाच कायदा लागू आहे.)

आधी कारण ठरवावे. ‘पटत नाही’ हे कारण कलम १३ मध्ये नाही. क्रूरता किंवा जोडीदाराने अर्जापूर्वीची सलग दोन वर्षे सोडून राहणे, यांसारख्या कारणांपैकी काय सिद्ध करता येईल ते पाहून सारी हकीकत तारखांनिशी लिहून काढावी. लग्नाला वर्ष झाले नसेल, तर न्यायालयाच्या खास परवानगीवाचून अर्ज करता येत नाही.

न्यायालयाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. सीमाभागातल्या सोयरिकी राज्याची हद्द पाहून होत नाहीत: लग्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडला, संसार कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आणि भांडणानंतर पत्नी गडहिंग्लजला माहेरी, हे नेहमीचेच. लग्न जेथे झाले, प्रतिवादी (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जोडीदार) जेथे राहतो किंवा दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले, तेथे अर्ज चालतो. अर्जदार पत्नी असेल, तर ती सध्या राहते तेथेही. पुढे बेळगावचा दावा कोल्हापूर जिल्ह्यात न्यायचा झाल्यास राज्य बदलते, आणि अशा बदलीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते.

लग्नपत्रिका, फोटो, विवाहनोंदणीचा दाखला आणि दोघांच्या पत्त्याचे पुरावे एकत्र करावेत. बेळगावच्या न्यायालयात कामकाज कन्नड व इंग्रजीतून चालत असल्याने मराठी पत्रे व दाखले यांच्या भाषांतराचा वेळ आणि खर्च आधीच धरावा. कन्नडमध्ये लिहिलेला स्वतःचा अर्ज वकिलांकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये, कारण उलटतपासणीत माणूस अडकतो तो बहुधा स्वतःच्याच अर्जातल्या एखाद्या तारखेवर. व्हॉट्सअॅपचे संदेश ज्या फोनवर आले तो विकू नये. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र (प्रत कोणत्या फोनवरून व कशी काढली, हे सांगणारे) द्यावे लागते.

पोटगी मागायची असेल, तर उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दोन्ही बाजूंना द्यावे लागते, म्हणून पगारपत्रके, बँक पासबुके, शेतीचे उतारे आणि स्त्रीधनाची यादी हाताशी असावी. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

जोडीदाराचा आताचा पत्ता खात्रीने मिळवावा. समन्स रीतसर बजावूनही तो हजर झाला नाही, तर दावा एकतर्फी चालतो, पण तेव्हाही कारण पुराव्यानिशी सिद्ध करावेच लागते. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेले सांगू शकतील असे दोन साक्षीदार, शेजारी असोत की नातलग, अर्ज दाखल होण्यापूर्वीच विचारून ठेवावेत.