उंदरांच्या स्तनग्रंथीवर हार्मोनचा परिणाम तपासताय? या चुका टाळा

औषध दिलेल्या गटात नलिकांना फांद्या जास्त दिसतात, कंट्रोलमध्ये कमी. पुढच्या बॅचमध्ये हाच फरक नाहीसा होतो, कधी उलटाही होतो. मग औषधाचा लॉट बदलला जातो, ग्रंथी रंगवायचा रंग नवा बनवला जातो, प्राणी वाढवले जातात. माझ्या मते प्राणी वाढवणं ही यातली सगळ्यात वाईट वाट. आधी त्या मादीच्या शरीरात गेले काही आठवडे कोणते हार्मोन फिरत होते ते शोधा. स्तनग्रंथीची बहुतेक घडण जन्मानंतर होते, वयात येताना आणि पुढे गरोदरपणात. त्यामुळे तुम्ही दिलेलं हार्मोन तिच्यात उमटतं, तसंच पिंजऱ्यातून आणि खाद्यातून नकळत गेलेलंही उमटतं.

वय आणि चक्र

'पाच ते आठ आठवड्यांच्या माद्या' असा एकच गट करू नका. माउसमध्ये (हा लहान उंदीर, पुढे येणारा रॅट मोठा) नलिकांच्या टोकाशी फुगीर टर्मिनल एंड बड तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतात, पाचव्या-सहाव्या आठवड्यात भरपूर असतात आणि नलिका फॅट पॅडच्या, म्हणजे ग्रंथीच्या चरबीच्या गादीच्या, कडेला पोचल्या की, म्हणजे साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत, नाहीशा होतात. या काळात एका आठवड्याच्या अंतराने चित्र पार बदलतं. वय दिवसांत नोंदवा आणि वजनही लिहा, कारण कमी वजनाची मादी उशिरा वयात येते. स्ट्रेन, म्हणजे उंदरांचे वंशही मिसळू नका. सी५७बीएल/६ मध्ये बाजूच्या फांद्या मुळातच विरळ असतात. तिची तुलना बाल्ब/सीशी केलीत तर औषधाशिवायच 'परिणाम' मिळेल.

प्रौढ मादीत प्रश्न माजाच्या चक्राचा. इस्ट्रस म्हणजे माजाचा टप्पा, डायइस्ट्रस म्हणजे दोन माजांमधला. चार-पाच दिवसांच्या चक्रात डायइस्ट्रसला प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं, त्या वेळी पेशी जास्त विभागतात, बाजूच्या फांद्या आणि अल्व्हिओलसचे (दूध बनवणाऱ्या पिशव्यांचे) कोंब वाढतात. सगळे प्राणी सोयीच्या एकाच शुक्रवारी घेतले, तर एका गटात योगायोगाने डायइस्ट्रसच्या माद्या जास्त येऊ शकतात. कॅलेंडर नको, टप्पा जुळवा.

त्यासाठी स्मिअर (योनीतल्या पेशी घेऊन स्लाइडवर पाहणं) हवाच, पण स्मिअर घेण्याची पद्धतच प्रयोग बिघडवू शकते, आणि हे नव्या विद्यार्थ्यांना फार क्वचित सांगितलं जातं. स्वॅब खोलवर घातला की गर्भाशयमुखाला उत्तेजना मिळते, प्रोलॅक्टिनच्या लाटा सुरू होतात, अंडाशयातलं प्रोजेस्टेरॉन बनवणारं कॉर्पस ल्युटियम टिकून राहतं आणि मादी खोट्या गरोदरपणात जाते. रॅटमध्ये हे बारा-चौदा दिवस चालतं. तेवढ्यात प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन मिळून ग्रंथीत अल्व्हिओलस वाढवतात, आणि श्रेय जातं तुमच्या औषधाला. एखादी मादी सलग आठवडाभर डायइस्ट्रस दाखवत असेल तर पहिला संशय इथे घ्या. बोथट टोकाच्या ड्रॉपरने थोडं सलाइन योनीच्या तोंडाशीच सोडा आणि परत घ्या, रोज एकाच वेळी. चक्र नियमित आहे हे उपचार सुरू होण्याआधी पाहून ठेवा.

आता दुसरा संशय. एका पिंजऱ्यात खूप माद्या दाटीने ठेवल्या तर त्यांची चक्रं लांबतात किंवा थांबतात. हा ली-बूट परिणाम. नराचा वास आला की थांबलेल्या माद्या तिसऱ्या दिवसाच्या सुमारास एकत्र इस्ट्रसला येतात. हा व्हिटन परिणाम. कंट्रोलचा रॅक नरांच्या शेजारी आणि औषधाचा रॅक खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर गटांतला फरक तिथूनच सुरू झाला. व्हिटन परिणाम जाणूनबुजून वापरून चक्रं जुळवता येतात, फक्त तो सगळ्या पिंजऱ्यांत सारखा वापरा. रात्री टॉर्च घेऊन अ‍ॅनिमल हाउसमध्ये जाणं बंद करा. प्रकाश-अंधाराची वेळ बिघडली की चक्रही बिघडतं.

बेडिंग, खाद्य, प्लास्टिक

आपल्याकडच्या अनेक अ‍ॅनिमल हाउसमध्ये मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्याचा भुगा बेडिंग म्हणून वापरतात, काही ठिकाणी भाताचा तूस. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये बॅरी मार्कावेरिच यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं, की मक्याच्या बेडिंगवरच्या रॅट माद्यांची चक्रं विस्कळीत होतात आणि प्रजननवर्तनही बिघडतं. कारण त्या बेडिंगमधली टेट्राहायड्रोफ्युरानडायोल जातीची संयुगं. हार्मोनच्या प्रयोगात मका टाळाच. निदान प्रयोग चालू असताना पुरवठादार सांगेल तसं बेडिंग बदलू देऊ नका.

खाद्यात सोयाबीन पेंड असेल तर जेनिस्टीन आणि डायडझीन ही इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं जातात, आणि त्यांचं प्रमाण लॉटनुसार बदलतं. सोयामुक्त खाद्य मागवा. ते परवडत नसेल तर पूर्ण प्रयोगाला पुरेल एवढा एकच लॉट बाजूला काढून ठेवा. पिलांवरचा प्रयोग असेल तर आईलाही गर्भधारणेपासून तेच खाद्य द्या.

प्लास्टिकचा इतिहास तर डोळे उघडणारा आहे. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या प्रयोगात इस्ट्रोजेन न घातलेल्या कंट्रोलमधल्या स्तनपेशीही वाढू लागल्या होत्या. शोध घेतल्यावर सेंट्रिफ्यूजच्या प्लास्टिक ट्यूबमधून झिरपणारं, इस्ट्रोजेनसारखं वागणारं नोनाइलफेनॉल सापडलं. १९९१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे १९९८ मध्ये क्लीव्हलंडला पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि बाटल्या चुकून तीव्र डिटर्जंटने धुतल्या गेल्या, प्लास्टिकमधलं इस्ट्रोजेनसारखं बिसफेनॉल ए सुटलं आणि माउस माद्यांच्या अंडपेशींत गुणसूत्रांचे दोष वाढले. पांढुरके, चरे पडलेले पिंजरे या कामातून काढून टाका. पाण्याच्या बाटल्या काचेच्या घ्या.

हार्मोन देताना

इस्ट्रोजेन एकटं सगळं करत नाही. १९५८ मध्ये लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅटमध्ये, तर सत्यब्रत नंदी यांनी माउसमध्ये अंडाशय, अधिवृक्क आणि पिट्युइटरी काढून हे दाखवलं: नलिकांना इस्ट्रोजेनसोबत ग्रोथ हार्मोन आणि स्टेरॉइडही लागतात, अल्व्हिओलससाठी वर प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन. म्हणून डिशमधल्या नुसत्या एपिथेलियमवर (नलिकांच्या अस्तराच्या पेशींवर) इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन टाकून वाढीची वाट पाहू नका.

अंडाशय काढल्यावर लगेच इंजेक्शन सुरू करणं ही नेहमीची घाई. एक-दोन आठवडे थांबा, जुने हार्मोन निघून जाऊ द्या. कंट्रोलला तेच तेल, तेवढंच, त्याच वेळी टोचा. इस्ट्राडायोलच्या पेलेटने (त्वचेखाली ठेवायच्या गोळीने) माउसमध्ये लघवी तुंबू शकते. पोट रोज चाचपून पाहा, प्राणी त्रासात ठेवू नका. प्रोजेस्टेरॉनऐवजी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन वापरलंत तर ते ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरलाही चिकटतं हे धरून चाला. क्रे-इआरटी माउसमध्ये (टॅमॉक्सिफेन दिलं की ज्यात ठरवलेलं जनुक बदलतं) टॅमॉक्सिफेन देताय? वयात येण्याच्या काळात ते स्वतःच नलिकांची वाढ रोखतं, त्यामुळे क्रे नसलेल्या भावंडांनाही तोच डोस द्या.

डोस पोचला का, हे पाहायला माउसच्या रक्तातलं इस्ट्राडायोल साध्या इलायझा किटने मोजण्यावर मी विसंबणार नाही. पातळी पिकोग्रॅममध्ये असते आणि बरीच किट तिथे डळमळतात. गर्भाशयाचं वजन करा. अंडाशय काढलेल्या मादीत ते दोऱ्यासारखं बारीक होतं, इस्ट्रोजेन पोचलं की भरतं. अंडाशय काढलेल्या कंट्रोलमध्ये ते जाड निघालं तर शस्त्रक्रियेत अंडाशयाचा तुकडा मागे राहिला असेल.

होल माउंट आणि मोजणी

होल माउंट म्हणजे आख्खी ग्रंथी स्लाइडवर पसरून रंगवणं. माउसमध्ये ग्रंथींच्या पाच जोड्या, रॅटमध्ये सहा. माउसची चौथी ग्रंथी ठरवलीत तर प्रत्येक प्राण्यात चौथीच घ्या. स्लाइडवर घडी न पाडता पसरा. घडी पडली की तिथे फांद्या दाट भासतात. कारमाइन अ‍ॅलमचा रंग मधोमध फिका राहिला तर चरबी नीट निघालेली नसते, फिक्सेटिव्हचा (ऊती टिकवणाऱ्या द्रावणाचा) वेळ वाढवा. नलिकांची लांबी लिम्फ नोडपासून मोजा, स्तनाग्रापासून नको. स्लाइडवर फक्त कोड लिहा, आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका.

गाभण मादीला औषध देऊन पिलांच्या ग्रंथी पाहत असाल तर एका आईची आठ पिलं म्हणजे आठ नमुने नव्हेत. आई हा एक नमुना. वेतातली पिलं जन्मानंतर सगळ्या आयांकडे सारख्या संख्येने ठेवा, नाहीतर दूध कमी-जास्त मिळून वजन आणि वयात येण्याचा दिवस दोन्ही सरकतात. एथिक्स कमिटीकडे प्राण्यांची संख्या मागतानाच हा हिशोब आयांच्या संख्येत करा, नंतर आकडेवारीत तो दुरुस्त होत नाही.