‘स्टार ट्रेक’चे भाग कसे जोखावेत?

१९६६ ते १९६९ची मूळ अमेरिकी टीव्ही मालिका घ्या, अंतराळयानातल्या विज्ञानकथांची: ३ सीझन, ७९ भाग. कोथरूडच्या हॉलमध्ये चार-पाच जण जमणार असाल, तर एका बैठकीत तीनच भाग. प्रत्येक साधारण ५० मिनिटांचा, चौथ्याला सगळे पेंगतात. २००६पासून नव्याने केलेली दृश्यं असलेली आवृत्तीही आली. दोन्हींची सरमिसळ केलीत, तर निर्मितीचे गुण फसतात.

गुण १०पैकी: कथा ४, पात्रं ३, कल्पना २, निर्मिती १. पुठ्ठ्याचे खडक दिसले म्हणून भाग नापास करू नका. आयुकात, म्हणजे पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेत, पेपर तपासायला बसल्यासारखं विज्ञानही तपासू नका. पाहायचं ते हे: कल्पना काढून टाकली, तर कथा कोसळते का? ‘द डेव्हिल इन द डार्क’मध्ये खाणकामगार ज्या गोळ्यांना निरुपयोगी समजून फोडतात, ती हॉर्टा नावाच्या परग्रहावरच्या प्राण्याची अंडी निघतात. तिथे खून करणारा प्राणी एकदम आई ठरतो. कल्पना काढली, तर कथाच उरत नाही. असा भाग वरच्या रांगेत.

उलट ‘स्पॉक्स ब्रेन’मध्ये यानावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू चोरीला जातो आणि स्वतःच्याच शस्त्रक्रियेत तो डॉक्टर मॅकॉयला सूचना देतो! खुर्चीवरून पडेपर्यंत हसाल, पण कथेला २च्या वर देऊ नका. मजा आली म्हणून गुण वाढवायचे, ही सर्रास होणारी गफलत. त्यासाठी वेगळा रकाना ठेवा.

आणि हो, गुण आधी कागदावर, चर्चा नंतर. नाहीतर सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो.