सोया मेणबत्तीच्या बरणीला मेण चिकटून राहतं? या चुका टाळा

वात तळाशी पोचून विझते आणि बरणीच्या कडेला मात्र बोटभर जाड मेण तसंच उरतं. घरी सोया मेणबत्त्या, म्हणजे सोयाबीन तेलापासून केलेल्या मेणाच्या मेणबत्त्या, करणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते. संशय लगेच मेणावर जातो, पण दोष बहुतेक वेळा वातीत किंवा जाळण्याच्या पद्धतीत असतो.

निदानाची घाई

पहिल्या एक-दोन वेळा जाळल्यावर कडेला पातळ थर राहिला, तर तो बिघाड समजू नका. ज्योत खाली उतरते तशी आतली काच तापते, आणि निम्मी मेणबत्ती जळाल्यावर वरचा थर आपोआप वितळून खाली ओघळतो. थर दिसला की लगेच जाड वात घालणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. जाड वातीने पहिल्याच दिवशी कडेपर्यंत छान वितळतं खरं, पण शेवटी शेवटी ज्योत भडकते, काजळी धरते आणि काच चटका बसेल इतकी तापते. म्हणून कुठलाही बदल करण्याआधी एक मेणबत्ती ३-४ तासांच्या टप्प्यांनी शेवटपर्यंत जाळून बघा. तळाशी साधारण १ सेंटिमीटर मेण उरलं की थांबा. कडेला थोडं मेण राहिलं तरी चालेल, काच तडकायला नको.

निम्म्यानंतरही थर जाड राहिला, मधोमध विहिरीसारखा खड्डा पडत गेला, तर वात खरोखरच बारीक आहे. मग फक्त एक नंबर वरची घ्या आणि पुन्हा पूर्ण जाळून बघा. पॅराफिनसाठी, म्हणजे नेहमीच्या मेणबत्तीच्या मेणासाठी, नेमकी बसलेली वात सोयाला बहुतेकदा कमी पडते. समईची वळलेली वात इथे उपयोगाची नाही. विणलेली सुती वातच हवी. दर वेळी पेटवण्याआधी ती ५-६ मिलिमीटर ठेवून कापा.

पहिल्यांदा पेटवताना

पाहुणे आले म्हणून अर्धा तास लावली आणि विझवली, असं पहिल्या वेळी करू नका. वितळलेलं मेण कडेच्या जवळपासही पोचलं नाही, तर पुढेही तेवढंच वर्तुळ वितळत राहतं. साडेसात सेंटिमीटर रुंद बरणीला साधारण ३ तास द्या. मेणबत्त्या भेट म्हणून देत असाल, तर ही सूचना झाकणावर चिकटवाच.

आणि पंखा! पुण्याच्या उन्हाळ्यात तो बंद ठेवणं जिवावर येतं, पण वाऱ्यात ज्योत एका बाजूला झुकते आणि दुसऱ्या बाजूचं मेण जसंच्या तसं राहतं. एकाच बाजूला मेण उरत असेल, तर वात बदलण्याआधी मेणबत्तीची जागा बदला. वात नेमकी मध्यावर आहे ना, तेही बघा.

जॅम-मुरांब्याच्या बरण्यांना खांदा असतो, त्याच्या आतल्या वळणावर मेण अडकतं. मेण खांद्याच्या खालपर्यंतच भरा. त्यापेक्षा सरळ भिंतीची, उष्णता सोसणारी जाड बरणी केव्हाही बरी.

सुगंधी तेल १०० ग्रॅम मेणाला ६ ते ८ ग्रॅम पुरे. जास्त झालं की वात तुंबते, ज्योत मंदावते.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात गार बरणीत मेण ओतलं, की काचेवर ओलसर दिसणारे डाग उठतात. ते उरलेलं मेण नव्हे. तिथे मेण काचेपासून सुटलेलं असतं. जळण्यावर त्याचा परिणाम होत नाही. तरी नको असतील, तर बरणी आधी कोमट करून घ्या.

खड्डा पडलाच तर

मेणबत्ती पेटवून बरणीच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, मध्ये मोठं भोक ठेवा. २०-३० मिनिटांत कडेचं मेण वितळतं. तेवढा वेळ जवळून हलू नका. फॉइल आणि काच दोन्ही तापतात, त्यामुळे हात लावताना जपून.

मेणबत्ती संपल्यावर गार झालेली बरणी आधी कोमट, मग गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. सोया वॅक्स मऊ होतं, ते कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मगच बरणी भांड्याच्या साबणाने धुवा. बरणी थेट गॅसवर ठेवू नका आणि वितळलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका. पाइपात ते पुन्हा घट्ट होऊन बसतं.